इंग्रजीत हुद्द्याला कॅपिटल कधी? पहिल्या नोकरीत शिकलेली गोष्ट

मी मराठी मिडियमची, बीए करून पुण्यात एका एजन्सीत कंटेंट रायटर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात एका क्लायंटच्या टीमची माहिती लिहायला दिली, मी डायरेक्टर, मॅनेजर, इंजिनिअर, दिसेल त्या हुद्द्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करत गेले आणि प्रिंटआऊट परत आली ती लाल पेनाने भरून. सिनियर मॅडमनी जवळ बसवून विचारलं, कॅपिटल का केलंस गं? मी म्हटलं, मोठी माणसं आहेत ना, स्मॉल केलं तर बरं दिसत नाही.

आपल्यातल्या खूप जणांचं इथेच चुकतं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल प्रकारच नाही, आपण मान देतो तो 'साहेब आले' असं बोलून, मग इंग्रजीत तेच काम कॅपिटलकडून करून घेतो. पण तिथे कॅपिटल मानासाठी नसतं, नावासाठी असतं. म्हणजे 'प्राइम मिनिस्टर लाल बहादूर शास्त्री' लिहिताना हुद्दा नावाला चिकटलाय, तो नावाचाच भाग झाला, पी आणि एम कॅपिटल. 'शास्त्री वॉज द प्राइम मिनिस्टर' लिहिलं की दोन्ही स्मॉल, पद कितीही मोठं असो. आणि नुसतं कामाचं वर्णन असेल, जसं ड्रायव्हर किंवा डेव्हलपर, तर ते नावाआधी आलं तरी स्मॉलच.

आईवरून मला हे पक्कं कळलं. 'आय आस्क्ड मॉम' मध्ये मॉमच्या जागी आईचं नाव घालून बघा, वाक्य चालतं, म्हणून एम कॅपिटल. 'माय मॉम' मध्ये नाव बसत नाही, स्मॉल.

बाकी वार, महिने कॅपिटल पण ऋतू स्मॉल. हिस्टरी, मॅथ्स स्मॉल पण मराठी, इंग्लिश कॅपिटल, कारण भाषांची नावं.

रेझ्युमेत हेडिंगला सेल्स एक्झिक्युटिव्ह कॅपिटल करा, ईमेलच्या सहीत पण चालतं, पण खाली वाक्यात 'आय वर्क्ड ॲज अ सेल्स एक्झिक्युटिव्ह' आलं की स्मॉल. मी आता फ्रेशर्सचे रेझ्युमे तपासते तेव्हा सगळ्यात जास्त खुणा याच वाक्यावर करते.

एक मात्र आहे, सरकारी आणि कायद्याच्या कागदात वेगळी पद्धत असते, आपल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीत 'द प्रेसिडेंट' नाव नसतानाही कॅपिटल आहे. कंपन्यांचीही स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची यादी, असते, म्हणून जॉइन झाल्या झाल्या ती मागून घ्या, आणि नसेल तर टीमने आधी केलेली दोन-तीन कामं उघडून त्यात काय केलंय ते बघा.