ड्रॅग रेसिंगमध्ये उतरताय? टीव्हीच्या भरवशावर स्पॉन्सरला शब्द देऊ नका

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं इंडियानातल्या कोलंबसमध्ये आहे. इंजिनांच्या कामामुळे पुण्याकडची माणसं इथे भरपूर, गणपतीत हॉल भरतो, पण ड्रॅग स्ट्रिपवर मला अजून दुसरं मराठी माणूस भेटलेलं नाही. मागच्या वर्षभरात मात्र तीन-चार जणांनी विचारलं, ताई आम्हालाही उतरायचंय, स्पॉन्सर कसा मिळतो, टीव्हीवर कसं येता येतं. इंजिन, टायर, लायसन्स याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, टीव्ही आणि पैसा कुणाच्या हातात असतो ते कुणी सांगत नाही, आणि मला ते माहीत नव्हतं म्हणून एका चांगल्या माणसाला मी भलती आशा लावली, त्याचं अजून वाईट वाटतं.

आधी थोडक्यात. ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन-दोन गाड्यांची जोडीने शर्यत. अमेरिकेत या खेळाची मोठी संस्था एनएचआरए, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी काढलेली. त्यात प्रो वेगळे आणि आपल्यासारखे हौशी वेगळे, हौशींना इथे स्पोर्ट्समन म्हणतात. प्रोंमधले सगळ्यात वेगवान, टॉप फ्युएल क्लासवाले, १००० फूट चार सेकंदांच्या आत कापतात, ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातात, टीव्हीवर दिसतात ते हेच. मी सुपर स्ट्रीट या स्पोर्ट्समन क्लासमध्ये असते, पाव मैलाला १०.९० सेकंद हा ठरलेला आकडा, त्याच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, पण त्याच्या आत गेलात तर ब्रेकआउट, म्हणजे बाद (समोरचा तुमच्यापेक्षा जास्त आत गेला नसेल तर). नॅशनल इव्हेंटला पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या जागेत, गाड्या मोजल्यात तर बहुतेक स्पोर्ट्समनच्याच असतात. एंट्री फी आपण भरतो, डिझेल, हॉटेल, टायर आपले, आणि कॅमेरा त्या मोजक्या प्रो गाड्यांवर.

माझा पहिला स्पॉन्सर म्हणजे आमच्या गावातलं किराणा दुकान चालवणारे एक काका. ५०० डॉलर दिले, म्हणाले अगं तू आपली मुलगी, दुकानाचं नाव लाव गाडीला. मी उत्साहात सांगून बसले की काका, टीव्हीवर दिसेल. दुकानाचं नाव मागच्या उजव्या फेंडरवर लावलं, हेअर ड्रायरने गरम करून एकेक बुडबुडा काढत दोन तास बसले होते.

इव्हेंटच्या दिवशी सकाळी पाऊस. ट्रॅक वाळवायला वेळ गेला, मग आमचा दुसरा राउंड लावला. मी शर्यतीआधीच्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, तिसऱ्या जोडीत, हेल्मेट चढवलेलं, बेल्ट आवळलेले, आणि तेवढ्यात एक ऑफिशियल समोर येऊन गळ्यावरून आडवा हात फिरवून गेला, म्हणजे इंजिन बंद करा. नायट्रो गाड्यांची, म्हणजे नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या प्रो गाड्यांची, टीव्हीची वेळ झाली होती. बसून राहिलो २ तास ४० मिनिटं. परत बोलावलं तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, हवा पातळ झालेली, ट्रॅक तापलेला, त्यावर नायट्रोवाल्यांचं रबर. समोरचा जुना खेळाडू ट्रेलरमधलं वेदर स्टेशन बघून थ्रॉटल स्टॉपचं (गाडीचा जोर थोडा वेळ रोखून वेळ जुळवणाऱ्या यंत्राचं) सेटिंग बदलून आला होता, मी सकाळच्याच आकड्यावर. त्याने १०.९१ मारला, मी १०.९७. तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेवा, शेड्यूलवर छापलेली वेळ प्रोंसाठी असते, स्पोर्ट्समनला उरलेली वेळ मिळते, त्यामुळे लेनमध्ये थांबवलं की झोप काढू नका, दर अर्ध्या तासाने हवा बघा आणि आकडा पुन्हा काढा.

प्रक्षेपण बघायला काकांनी घरची सगळी मंडळी बसवली होती, आई सांगलीत जागी, इथली दुपारी २ म्हणजे तिकडे रात्री साडेअकरा. आमचा क्लास आलाच नाही. एका प्रो ड्रायव्हरची मुलाखत चालू असताना माझी गाडी त्याच्या मागे तीनेक सेकंद दिसली, तीही डावी बाजू. काका फोनवर काहीच बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, जेवलीस का?

मग मी हे सगळं कसं चालतं ते शोधत बसले. अमेरिकेत १९७१ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, तो पैसा मोटरस्पोर्टकडे वळला, कारण गाडीवरचं नाव टीव्हीवर दिसायला बंदी नव्हती. एनएचआरएच्या मुख्य मालिकेला १९७५ ते २००१ विन्स्टन सिगारेटचं नाव होतं. १९९८ मध्ये अमेरिकेतली राज्यं आणि तंबाखू कंपन्या यांच्यात समझोता झाला, त्यानंतर विन्स्टनच्या कंपनीला असं एकच प्रायोजकत्व ठेवता येत होतं, त्यांनी नॅसकार ही गोल ट्रॅकवरची मोटार शर्यत ठेवली आणि ड्रॅग रेसिंग सोडलं. नंतर कोका-कोलाचे ब्रँड, मग कॅम्पिंग वर्ल्ड, आता मिशन फूड्स. स्पोर्ट्समनची मालिका वेगळी, तिला लुकस ऑइलचं नाव. अगदी ट्रॅकसुद्धा बघा, आमच्या जवळचं इंडियानापोलिस रेसवे पार्क १९६० पासूनचं, २००६ ला त्याला ओ'रायली नाव लागलं, २०११ पासून लुकस ऑइल. म्हातारे रेसर अजून नुसतं आयआरपी म्हणतात आणि मला ते आवडतं.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते २००७ च्या प्रकरणाने. सॅटेलाइट टीव्ही कंपनी डायरेक्टटीव्हीचे माजी प्रमुख एडी हार्टेनस्टाईन यांच्या एचडी पार्टनर्स या कंपनीने एनएचआरएचा प्रो विभाग सुमारे १२ कोटी डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं होतं, त्यात संस्थेचे काही ट्रॅकही होते. हौशी रेसिंग मात्र विनानफा संस्थेकडेच राहणार होतं. २००८ मध्ये ते फिसकटलं. पण टीव्हीचा माणूस हा खेळ विकत घ्यायला आला तेव्हा त्याला काय हवं होतं आणि काय नको होतं, ते यातून स्वच्छ दिसतं. पिटमध्ये सगळ्यात जास्त संख्येने असणारे आम्ही त्या सौद्यात नव्हतोच.

टीव्हीवाल्यांची अडचण मला कळतेही. ब्रॅकेट रेसिंगमध्ये प्रत्येक ड्रायव्हर आपली वेळ आधीच सांगतो, हळू गाडी आधी सुटते, वेगवान गाडी मागून, आणि शेवटच्या १०० फुटांत ड्रायव्हर मुद्दाम ब्रेक मारतो म्हणजे ठरवलेल्या वेळेच्या आत जाऊ नये. जो आधी पोचला तो हरू शकतो. आठ सेकंदांत हे कसं दाखवायचं? पण कुणी मनापासून प्रयत्न केला असं मला तरी दिसलं नाही. डिस्कव्हरीवर २०१३ पासून स्ट्रीट आउटलॉज आलं, तिथे भांडणं, पैजा, चेहरे, नो प्रेपच्या (पकडीसाठी ट्रॅक तयार न करता घेतलेल्या) शर्यतीत तर वेळेचा आकडाही दाखवत नसत, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तिथून ट्रॅकवर आलेली बरीच तरुण मुलं मी बघितली, त्यांचं स्वागतच आहे, फक्त त्या पडद्यावर काय दाखवायचं ते प्रॉडक्शनवाले ठरवतात हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता कामाचं बोलते. एंट्रीचा फॉर्म आणि वेव्हर, म्हणजे अपघात झाला तर आयोजकाला जबाबदार धरणार नाही असा कागद, सही करण्याआधी वाचा. तुमचं नाव, गाडी, चित्रण वापरायचा हक्क आयोजकाला देणारं कलम त्यात जवळपास नेहमी असतं, उलट तुम्ही स्वतः काढलेला व्हिडिओ धंद्यासाठी वापरता येईल का, हे विचारूनच स्पॉन्सरला द्या. कॉन्टिन्जन्सीचे, म्हणजे जिंकल्यावर कंपनी देते त्या बक्षिसाचे, स्टिकर नीट समजून घ्या. एखाद्या कंपनीचं स्टिकर लावलंत, तिचा माल खरंच गाडीत वापरलात आणि जिंकलात तरच ते पैसे मिळतात, इव्हेंटला नोंदणी करावी लागते आणि तपासणी होते. माझ्या ओळखीतल्या एकाने फायनल जिंकली, स्पार्क प्लग त्याच कंपनीचे होते, स्टिकर वाकडं निघालं म्हणून पिटमध्ये काढून ठेवलेलं, पैसे गेले.

मोठ्या पैशाच्या ब्रॅकेट रेसचं वेगळंच. १९९६ मध्ये जॉर्ज हॉवर्ड यांनी मिलियन डॉलर रेस सुरू केली तेव्हापासून हे जग वाढतच गेलंय. बक्षीस बहुतेक आपल्याच एंट्री फीमधून येतं, त्यामुळे पोस्टरवरचा मोठा आकडा बघू नका, खालची बारीक ओळ बघा, रक्कम पक्की आहे की किती गाड्या आल्या त्यावर ठरणार आहे. हरल्यावर पुन्हा पैसे भरून आत येता येतं, त्याला बायबॅक म्हणतात, तो खर्च घरून निघतानाच धरा. पण या रेसेसचं एक फार चांगलं आहे, त्यांचं लाइव्ह स्ट्रीम पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत चालतं, कुणाला वगळत नाहीत.

काकांकडे मी पुढच्या वर्षी स्वतःहून गेले आणि टीव्हीचं नाव काढलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडी दुकानासमोर उभी करीन, मुलांना आत बसवून फोटो काढू देईन, आणि मी उतरेन त्या प्रत्येक रेसच्या स्ट्रीमची लिंक दुकानाच्या ग्रुपवर टाकीन, एवढंच बोलले आणि कागदावर लिहून दिलं. त्यांनी ३०० दिले, तेही मला जास्त वाटले.

आणि त्या वर्षी पहिल्यांदा आईने माझा अख्खा राउंड पाहिला. मी पुढे होते आणि हरले. लगेच फोन, पुढे होतीस की गं, हरलीस कशी? मी म्हटलं आई, १०.९० च्या आत यायचं नसतं, मी १०.८८ ला आले. दोन सेकंद गप्प राहिली आणि म्हणाली, म्हणजे तू ब्रेक उशिरा मारलास.