चार दिवसांत मराठवाडा कसा पाहावा

मराठवाडा म्हटले की अनेकांना केवळ दुष्काळ आठवतो, म्हणून मी पाहुण्यांना नेहमी भाद्रपद-आश्विनात या असे सांगतो. तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात.

आधी वार ठरवावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात, त्यामुळे मंगळवारी रात्री छत्रपती संभाजीनगरात मुक्काम करून बुधवारी सकाळी निघणे सोयीचे पडते.

बुधवारी ऊन चढण्याआधी देवगिरीचा किल्ला चढावा आणि तिथल्या अंधारीसाठी, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेसाठी, विजेरी जवळ ठेवावी. किल्ल्याच्या परिसरात सीताफळांच्या टोपल्या दिसतील. डोळे उघडलेले आणि दाबल्यावर किंचित नरम लागणारे फळ निवडावे. वेरूळला मात्र दुपारनंतर जावे, कारण लेण्यांचे तोंड पश्चिमेला असल्याने उतरते ऊन थेट शिल्पांवर पडते. तिथली ३४ लेणी एका दिवसात उरकण्याचा हट्ट नसावा. १६ क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत घडवले गेले. म्हणून बाजूची वाट खुली असेल तर आधी वर जाऊन शिखर पाहावे आणि मगच अंगणात उतरावे. कारागिरांनी कोणत्या क्रमाने काम केले असेल, ते असे पाहिल्यावरच उमगते.

गुरुवारी अजिंठ्यासाठी पहाटेच निघावे, कारण अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. पहिल्या लेण्यात शिरताच पुढे न सरकता दोन-तीन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. नजर अंधाराला सरावली की भिंतीवर रंगवलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या आणि हातातले कमळ हळूहळू स्पष्ट होत जाते. फ्लॅशने फोटो काढू नये, रंगांना इजा होते.

शुक्रवार बीडमार्गे तुळजापूरपर्यंतच्या प्रवासात जातो. नवरात्रात तिथे अफाट गर्दी असते, तेव्हा यात्रेसाठी यायचे नसेल तर ते दिवस टाळावेत.

शनिवारी नळदुर्ग पाहावा. किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पाऊस चांगला झाला असेल तर नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत असतात, आणि महालाच्या खिडकीशी उभे राहिल्यावर समोर पाण्याचा पडदा दिसतो. पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत. परतीची रेल्वे सोलापूरहून मिळते. गाडीची वेळ संध्याकाळनंतरची निवडावी, म्हणजे त्या खिडकीपाशी घाई होणार नाही.