रहस्य फुटतं ते विंगेतून : रहस्यनाट्य करताना या चुका टाळा

आमच्या रहस्यनाट्याचा चौथा प्रयोग होता. मध्यंतरात चहाच्या स्टॉलपाशी आठवी-नववीतला एक मुलगा वडिलांना सांगत होता, "बाबा, खून डॉक्टरनंच केलाय. सगळ्यांत त्याच्या एकट्याच्याच कोटाला खरे खिसे आहेत." मी त्याच्या मागेच उभा होतो. हातातला चहा तसाच राहिला. पोराचं अगदी बरोबर होतं. दुसऱ्या अंकात डॉक्टरला दोरी लपवायची असते, म्हणून आमच्या वेशभूषाकारानं त्याच्या कोटाला खोल खिसे शिवले होते. बाकीच्या तिघांचे कोट भाड्याचे, खिशांची तोंडं शिवलेली. लेखकानं दीड वर्ष जपलेलं गुपित दोन खिशांनी फोडलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. रहस्यनाट्याचं रहस्य संहितेतून फारसं फुटत नाही, ते विंगेतून फुटतं. शिंपी, दिवे देणारा, प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू मांडणारा, जाहिरात लिहिणारा, कुणाच्या जागी आलेला रिप्लेसमेंटचा नट, यातल्या कुणाच्याही हातून ते निसटतं. प्रत्येकजण आपलं काम चोख करत असतो आणि तरीही.

हे गुपित वर्षानुवर्षं सांभाळायचं कसं, याचा सगळ्यात मोठा दाखला लंडनचा. अगाथा ख्रिस्तींचं ‘द माउसट्रॅप’ ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये पहिल्यांदा झालं, २५ नोव्हेंबरला लंडनच्या ॲम्बॅसेडर्स थिएटरात आलं आणि कोविडमुळे मार्च २०२० ते मे २०२१ एवढा खंड सोडला तर लंडनमध्ये चालूच राहिलं. पंचवीस हजारावा प्रयोग २०१२ सालीच झाला. निर्माते पीटर साँडर्स, दिग्दर्शक पीटर कोट्स, मूळ नेपथ्य रॉजर फर्स यांचं. पहिल्या संचात रिचर्ड ॲटनबरो आणि त्यांच्या पत्नी शीला सिम होत्या. शेवट मी इथे सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

खुन्याला नकळत वेगळं काढणं

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

‘माउसट्रॅप’च्या सुरुवातीलाच रेडिओवर बातमी लागते. लंडनमध्ये एका बाईचा खून झालाय आणि पोलीस ज्याला शोधतायत त्याच्या अंगात गडद ओव्हरकोट, फिकट रंगाचा मफलर आणि मऊ फेल्ट हॅट होती. ही बातमी चालू असतानाच घरची मालकीण नवऱ्याचा कोट, मफलर आणि हॅट आवरत असते. पाठोपाठ बर्फातून पाहुणे यायला लागतात, आणि तसाच कोट पुन्हा दिसतो. वेशभूषेनं कुणाकडे बोट दाखवायच्या आधी लेखिकेनं ते बोट सगळीकडे फिरवून ठेवलंय. मला हे फार मोठं काम वाटतं. संशयाची वस्तू एकाच्या अंगावर ठेवायची नसेल, तर ती अनेकांच्या अंगावर हवी.

आम्ही तेच केलं. पाचव्या प्रयोगाच्या आदल्या रात्री बाकीच्या तिन्ही कोटांच्या खिशांची शिवण उसवली आणि पहिल्या अंकात प्रत्येकाला एकदा तरी खिशातून काहीतरी काढायला लावलं. कुणी चावी काढतो, कुणी तपकिरीची डबी, कुणी तार. डॉक्टर चष्मा काढतो. त्यानंतर खिशांकडे कुणाचं लक्ष गेल्याचं ऐकलं नाही.

दिव्यांचंही तसंच. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसलेल्या मुलाला खुनी कोण ते ठाऊक असतं, त्यामुळे खुन्याची एन्ट्री आली की मुलाचा हात आपोआप अर्धा क्षण आधी सरकतो. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याची नजर त्या दाराकडे गेलेली असते. उपाय सोपा आहे. क्यू, म्हणजे उजेड बदलायची खूण, माणसावर ठेवू नका, वाक्यावर ठेवा. सगळ्या दारांवर सारखाच उजेड द्या. पार्श्वसंगीताचीही एकच धून एकाच पात्रामागे लावू नका. तुमच्या मनात नसलं तरी ती त्याची सही होऊन बसते.

आणि अभिनय. खुन्याची भूमिका करणारा नट पहिल्याच प्रवेशापासून अपराधी डोळ्यांनी बघायला लागतो. काही दिग्दर्शक यावर उपाय म्हणून शेवटची पानं नटांपासून लपवतात. मला ते पटत नाही. नटाला माहीत असलंच पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा नाटक बघायला आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या अंकात काहीच सापडत नाही. त्यापेक्षा बाकीच्यांना कामाला लावा. ‘माउसट्रॅप’मध्ये त्या बर्फात अडकलेल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही लपवायचं आहे. तालमीत प्रत्येक नटाला त्याच्या पात्राचं एक गुपित द्या. उधारी असेल, खोटं नाव असेल, एखादं जुनं पत्र असेल. मग एकाऐवजी सगळेच नजर चुकवतात.

हशा आला की घाबरणं

नॉटिंगहॅमच्या त्या पहिल्या प्रयोगानंतर ख्रिस्तींना वाटलं की नाटकात विनोद जास्त झालाय, त्यानं थरार कमी होतो. आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय. साँडर्स म्हणाले, चौदा महिने चालेल. त्या म्हणाल्या, छे, आठ महिने फार झाले. दोघांचाही अंदाज कुठल्या कुठे राहिला.

आपल्याकडे उलटी टोकं दिसतात. एक तर रहस्यनाट्य म्हणून सगळं काळंकुट्ट, नाहीतर प्रयोगागणिक नट स्वतःची ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं, घालतात आणि शंभराव्या प्रयोगापर्यंत त्याचा फार्स होतो. हशा हवाच. हसलेला माणूस सैल बसतो आणि पुढचा धक्का त्याला जोरात लागतो. फक्त ज्या वाक्यात खुन्याकडे नेणारा दुवा दडलाय त्याच्या आधी किंवा लगेच नंतर हशा येऊ देऊ नका. तो दुवा टाळ्यांत बुडतो आणि शेवटी प्रेक्षकाला वाटतं, आपल्याला फसवलं. माझ्या प्रॉम्प्टच्या वहीत अशा प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ असते. तिच्या आसपास ॲडिशन चालत नाही, नट कितीही मोठा असो.

व्हिडिओ बघून रिप्लेसमेंट बसवणं

नाटक चाललं की नट बदलणारच. ‘माउसट्रॅप’मध्ये डेव्हिड रेव्हन यांनी मेजर मेटकाफची भूमिका ४,५७५ वेळा केली. नॅन्सी सीब्रूक या पंधरा वर्षं पर्यायी नटी म्हणून होत्या. ६,२४० प्रयोगांना त्या तयार राहिल्या आणि प्रत्यक्ष रंगमंचावर गेल्या त्या ७२ वेळा. मला रेव्हनपेक्षा सीब्रूक यांचं काम जास्त हलवून जातं. रोज संध्याकाळी मेकअप रूममध्ये येऊन बसायचं आणि सगळं पाठ असून घरी जायचं.

आपल्याकडे पर्यायी नट ठेवायला परवडत नाही हे खरं. म्हणून कुणी आजारी पडलं की ऐंशीव्या प्रयोगाचं मोबाइलवरचं चित्रीकरण नव्या मुलाला पाठवतो आणि "हे बघून ये" म्हणतो. घोळ इथेच होतो. ऐंशीव्या प्रयोगात जुन्या नटानं जे कोपरे घासून टाकलेले असतात, तेच नवा मुलगा शिकतो. आमच्याकडे एका मुलीनं असंच बघून काम केलं. मूळ नटीला शेवटी शेवटी पाठदुखी होती, म्हणून ती पत्र वाचताना खुर्चीवर बसायची. संहितेत ती खिडकीशी उभी राहून वाचते, कारण त्याच वेळी खिडकीबाहेर कुणीतरी सरकतं. नवी मुलगीही बसली. दुवा गेला, शेवट लंगडा झाला आणि महिनाभर कुणाला कळेना काय बिघडलंय.

चित्रीकरण करायचंच तर रंगीत तालमीचं करा. त्याहून चांगलं म्हणजे व्यवस्थापकाची वही. कुठे उभं राहायचं, का, आणि त्या क्षणी प्रेक्षकाला काय दिसायला हवं, हे तिन्ही लिहिलेली.

नेपथ्य, दौरा आणि कडेची खुर्ची

‘माउसट्रॅप’ १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरात गेलं. शनिवारी, २३ मार्चला जुन्या जागी प्रयोग आणि सोमवारी, २५ मार्चला नव्या जागी. एकही प्रयोग चुकला नाही. नेपथ्य १९६५ आणि १९९९ मध्ये नव्यानं बांधलं, पण रचना तीच. मँटलपीसवरचं, म्हणजे शेकोटीच्या वरच्या फळीवरचं, घड्याळ तेवढं पहिल्या प्रयोगापासूनचं आहे, आणि रेडिओच्या बातमीतला डेरिक गायलर यांचा आवाजही त्याच जुन्या ध्वनिमुद्रणातला.

आपली गोष्ट वेगळी. आज शिवाजी मंदिर, परवा बालगंधर्व, शनिवारी फोंडा. प्रत्येक ठिकाणी रंगमंचाची रुंदी वेगळी, विंगा वेगळ्या. मग दार दोन फूट आत सरकतं आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाला ब्लॅकआऊटच्या आधीच विंगेत सुरा घेऊन उभा असलेला नट दिसतो. सेट लागला की दिग्दर्शकानं किंवा व्यवस्थापकानं दोन्ही टोकांच्या खुर्चीत आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात स्वतः जाऊन बसावं. पाच मिनिटांचं काम आहे. फोनवर "दिसत नाही ना रे?" विचारून भागत नाही.

जाहिरात आणि संहिता

थोडक्यात सांगतो. "शेवटी असा धक्का की..." अशी जाहिरात केली की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून धक्काच शोधतो. फोटोत खुनी आणि बळी शेजारी शेजारी उभे करू नका. संहितेची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला नाव घातलेली छापील प्रत द्या. ‘माउसट्रॅप’च्या चित्रपटाचे हक्क विकले गेले तेही या अटीवर, की लंडनमधले प्रयोग थांबून सहा महिने उलटल्याखेरीज चित्रपट काढायचा नाही. प्रयोग संपल्यावर नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की शेवट कुणाला सांगू नका. ही विनंती मनापासून केली तर लोक पाळतात, हा माझाही अनुभव आहे.

माणसांना नाइटपुरतं धरणं

ॲटनबरो पतिपत्नींनी पगारातला काही भाग देऊन नाटकाच्या नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता. त्यातला उरलेला हिस्सा ॲटनबरोंनी पुढे स्वतः दिग्दर्शित केलेला ‘गांधी’ चित्रपट तगवण्यासाठी विकला. आपल्या रोहिणी हट्टंगडी त्यात कस्तुरबा झाल्या आणि कोल्हापूरच्या भानू अथय्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते त्याच चित्रपटासाठी. लंडनच्या एका रहस्यनाट्याच्या गल्ल्याचा धागा असा इथवर येतो, हे मला मनापासून आवडतं.

मुद्दा असा की ज्याचा वाटा असतो तो गुपित जपतो. बॅकस्टेजच्या मुलांना वाटा देणं जमत नसेल, तर निदान पंचविसाव्या आणि पन्नासाव्या प्रयोगाला नाइट, म्हणजे दर प्रयोगाचा मेहनताना, वाढवा, आणि जाहिरातीत त्यांची नावं घाला.

बिघाड कुठे आहे ते शोधायचं कसं

रंगीत तालमीला नाटकाशी संबंध नसलेली दहा माणसं बोलवा. शेजारी, किराणावाला, कुणाची आत्या. मध्यंतरात प्रत्येकाला चिठ्ठी द्या. खुनी कोण वाटतो आणि कशावरून, एवढंच लिहायचं. आपापसात बोलायचं नाही.

दहाही जणांनी बरोबर नाव लिहिलं तर "कशावरून" नीट वाचा, फुटलेली जागा तिथेच सापडते. एकानंही लिहिलं नाही तर दुवे कमी पडलेत, पहिल्या अंकात एखादा उघडा ठेवा. नावं चार-पाच जणांत विखुरली आणि त्यात खरंही एक असलं, की तालीम तिथे थांबवावी. आणि चिठ्ठीत "तो आला की उजेड वाढतो" असं वाचायला मिळालं, तर आधी डिमरपाशी जा, संहितेला हात लावू नका.