पाण्यात विरघळलेल्या वायूंवर काम करायचंय? मग खाडीवर या

फिजिकल केमिस्ट्री घेतलेली मुलं विचारतात, पाण्यात विरघळलेल्या वायूंची थर्मोडायनॅमिक्स कोकणात राहून शिकता येईल का? माझ्या मते इथे जास्त चांगली शिकता येते. रत्नागिरीकडच्या खाड्यांत एकाच जागचं पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडं असतं आणि मे महिन्यात समुद्राइतकं खारट. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो. 30 अंशांच्या खाऱ्या पाण्यात जेमतेम 6.2. कोळंबी प्रकल्पवाल्यांना हे आकडे पाठ नसतात, पण उन्हाळ्यात पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडला तर काय होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आधी पाण्यातला ऑक्सिजन मोजायला शिका. मीटर आहेतच, पण विंकलरची पद्धत (1888) एकदा तरी हाताने करा. 300 मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं, होडीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. पुढे अ‍ॅसिड, थायोसल्फेट आणि शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबाने जातो. तो थेंब ओळखता येईपर्यंत आकड्यांवर वाद घालू नये.

मग हेन्रीचा नियम. विल्यम हेन्रीने तो 1803 मध्ये मांडला: ठरावीक तापमानाला विरघळणारा वायू त्याच्या आंशिक दाबाच्या (मिश्रणातल्या एकूण दाबात त्या वायूचा वाटा) प्रमाणात. ओळीभराचा नियम, पण त्याचा स्थिरांक नवख्यांना हमखास घोळात टाकतो. 25 अंशांना ऑक्सिजनसाठी एका तक्त्यात 0.0013 मोल प्रति लिटर प्रति अ‍ॅटमॉस्फियर दिसेल, दुसऱ्यात सुमारे 43,000 अ‍ॅटमॉस्फियर. दोन्ही बरोबर! एकात विद्राव्यता अंशस्थानी आहे, दुसऱ्यात छेदस्थानी, तीही मोल-अंशात (एकूण मोलांपैकी त्या वायूचे मोल किती). एकक वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. रोल्फ सँडर यांनी असे हजारो स्थिरांक एकत्र केलेत, ते संकलन फुकट मिळतं.

खरी मजा तापमानात आहे. ऑक्सिजन विरघळताना मोलमागे सुमारे 12 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून पाणी तापलं की तो कमी विरघळतो. एन्ट्रॉपीही (रेणूंची अव्यवस्था) घटते. पाण्याचे रेणू वायूभोवती अधिक शिस्तीत बसतात असं फ्रँक आणि इव्हान्स या शास्त्रज्ञांनी 1945 मध्ये सुचवलं. त्या चित्रावर अजून वाद आहेत, आणि माझ्या मते विषय जिवंत आहे तो त्यामुळेच. विरघळताना उष्माधारिता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) मात्र चांगलीच वाढते, मोलमागे अंशाला 200 ज्यूलच्या घरात. त्यामुळे व्हँट हॉफचा आलेख (स्थिरांकाचा लॉगॅरिदम विरुद्ध तापमानाचा व्यस्त) सरळ रेषेत येत नाही, वाकतो. आंशिक दाब तोच ठेवून तापवत गेलात तर उकळबिंदूच्या आसपास विद्राव्यता तळ गाठते आणि पुढे पुन्हा वाढू लागते. उघड्या पातेल्यात हे दिसत नाही, कारण तिथे उकळताना वाफच सगळा दाब व्यापते आणि ऑक्सिजनच्या वाट्याला काही उरत नाही.

नोकरीचं म्हणाल तर शुद्ध थर्मोडायनॅमिक्सच्या जागा मोजक्या. पण मत्स्यशेती, पाणी तपासणी आणि समुद्रविज्ञान या तिन्हींत हे ज्ञान लागतं. रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यातली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थाही फार लांब नाही. अरबी समुद्राच्या मधल्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिथे या विषयाला काम आहे. अर्ज करताना कोर्सची यादी थोडक्यात द्या. आणि एका खाडीचं वर्षभराचं तापमान, खारटपणा आणि ऑक्सिजन मोजून, संपृक्ततेची टक्केवारी (मावू शकणाऱ्या ऑक्सिजनच्या किती टक्के आहे) काढून सोबत जोडा. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतील.