डिस्काउंट आणि सेकंडहँड दुकानात चांगली वस्तू कशी हुडकायची

स्वस्त वस्तू कुणालाही मिळते हो, अख्खं दुकान त्यानेच भरलेलं असतं. त्या ढिगातून धड वस्तू उचलणं हे खरं काम, आणि ते लेबल वाचून होत नाही, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करूनच होतं.

आधी दुकान कुठल्या जातीचं आहे ते बघा. डिस्काउंटवाल्याकडे माल नवा असतो, म्हणजे कुठेतरी जास्तीचा उरलेला, बंद झालेल्या मॉडेलचा, खोका चेपलेला किंवा सीझन संपलेला, आणि काही माल तर खास अशा दुकानांसाठीच हलक्या दर्जाचा बनवून घेतलेला असतो. त्यामुळे खोडलेली जुनी किंमत आणि शेजारी ठळक नवी किंमत असली तरी त्या खोडलेल्या आकड्याकडे बघूच नका, ही वस्तू आपण एरवी केवढ्याला घेतली असती तेवढंच मनात धरा. साबण, डिटर्जंट वगैरे असेल तर वजन बघून ग्रॅममागे किती पडतं ते मोबाईलवर काढा, कारण पाकीट तेवढंच दिसतं आणि आत माल कमी असतो. क्रीम, सनस्क्रीनची एक्स्पायरी बघणं आलंच.

सेकंडहँडचं गणित वेगळं, तिथे प्रत्येक वस्तू एकुलती एक असते. आज दिसली ती उद्या असेलच असं नाही, पण म्हणून घाईने उचलायचीही नाही. नवा माल कधी लावतात ते काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारा, बहुतेक जण सांगतात.

आता भांडी, मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. कप किंवा बाउल तळहातावर ठेवून कडेला नखाने हलकी टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर बरा, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे समजा. मग कडेवरून बोट फिरवा, पण हळू, टवका उडालेला असेल तर डोळ्याआधी बोटालाच लागतो. बोन चायना म्हणून विकत असतील तर प्लेट उजेडासमोर धरून मागे बोटं ठेवा, सावली आरपार दिसायला पाहिजे. सहाच्या सेटमधले चारच उरले असतील तर हे सेट फार स्वस्तात जातात, आणि दोन माणसांच्या घरात तेवढे पुरतातही!

स्टीलवर 18/8 लिहिलेलं असेल तर त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, ते सहसा गंजत नाही. लोक लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटला की भांडं वाईट म्हणून ठेवून देतात, पण इंडक्शनवर चालायचं असेल तर तो बुडाला चिकटायलाच हवा. बिडाच्या भांड्यावरचा वरवरचा गंज घासून जातो, त्याला घाबरू नका, मात्र सपाट फळीवर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा तडा दिसत असेल तर सोडा. ओरखडे पडलेलं नॉनस्टिक फुकट दिलं तरी नको. चांदीसारख्या चमकणाऱ्या चमच्यामागे ईपीएनएस असा शिक्का असेल तर ती चांदी नाही, मुलामा आहे, भेट द्यायला छान पण चांदीचा भाव देऊ नका.

कपडे, पडदे उजेडात धरले की कसर लागलेली भोकं लगेच दिसतात. चेन दोन-तीनदा वरखाली करा, काखेची आणि खिशाची शिवण बघा. नाक पण वापरा, धुळीचा वास धुतल्यावर जातो, बुरशीचा कुबट वास मात्र जाता जात नाही. गादीवाल्या खुर्चीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात, तिथून सरळ पुढे चालू लागा. आणलेले कपडे झेपत असतील तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा, लोकर असेल तर अर्थातच नाही.

विजेची वस्तू दुकानातच लावून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाले तर आपणही नाही म्हणायचं. बॅटरीचं झाकण उघडा, आत पांढरं-हिरवं काही साचलं असेल तर सेल गळलेला आहे. हेल्मेट आणि मुलांची कारसीट जुनी घेऊच नका, एकदा आदळल्यावर आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही. खेळण्यात बटन सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा, लहान मुलाने तो गिळला तर प्रकरण फार गंभीर होतं.

भेटवस्तूंसाठी माझी एकच कसोटी, खोका आणि ब्रँड काढून टाकला तरी ती वस्तू द्यावीशी वाटते का? तयार गिफ्ट सेट या कसोटीवर हमखास पडतात, छोट्या छोट्या बाटल्या आणि मोठ्ठा खोका. त्यापेक्षा एक चांगला काचेचा जग, जाड कापडी बॅग, कोरी दिसणारी पुस्तकं. पुस्तक घेताना पहिलं पान जरूर बघा, नाहीतर "प्रिय अमुकला वाढदिवसानिमित्त" असं दुसऱ्याच कुणाचं लिहिलेलं निघायचं.

किमतीचं स्टिकर ओरबाडत बसू नका, हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ मारली की कडेने अलगद सुटतं, काचेवर चिकटपणा राहिलाच तर थोडं तेल चोळून साबणाने धुवा.