विमानात धोक्याचे काही दिसले, तर सांगताना या चुका टाळा

१० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडन येथून एअर आँटेरियोचे फोकर एफ-२८ विमान पंखांवर बर्फ साचलेला असतानाच उड्डाणासाठी धावले आणि धावपट्टीपलीकडच्या जंगलात कोसळले. विमानातील ६९ जणांपैकी २४ जण मृत्युमुखी पडले. पंखांवरचा बर्फ प्रवाशांना खिडकीतून दिसत होता. त्या प्रवाशांमध्ये दोन व्यावसायिक वैमानिकही होते. मात्र विमान चालवणाऱ्यांना याची कल्पना असेलच, असे मानून त्यांनीही कोणाला काही सांगितले नाही. केबिन क्रूमधून वाचलेल्या एकमेव कर्मचारी महिलेची साक्षही विचार करायला लावणारी होती. उड्डाणाच्या बाबतीत आपण काही बोललेले वैमानिकांना रुचणार नाही, अशी तिची समजूत झालेली होती.

‘त्यांना माहीत असेलच’ ही समजूत सर्वांत घातक ठरते, कारण ती खोटी ठरण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. बहुतेक प्रवासी विमानांच्या कॉकपिटमधून इंजिने दिसत नाहीत आणि पंखांचाही फार थोडा भाग, तोही मान वळवून, दिसू शकतो. पंखाशेजारच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला जे सहज दिसते, ते वैमानिकांना कळण्याचा मार्ग अनेकदा कोणीतरी येऊन सांगणे एवढाच असतो. त्याच वर्षी, ८ जानेवारीला, इंग्लंडमधील केगवर्थजवळ हेच घडले. हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनातील पाते तुटले, हादरे बसू लागले आणि केबिनमध्ये धूर आला. वैमानिकांनी चुकून उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने हादरे कमी झाल्यामुळे आपला निर्णय बरोबर असल्याची त्यांची खात्री पटली. कॅप्टनने उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणाही केली. मागच्या बाजूला बसलेल्या अनेक प्रवाशांनी आणि केबिन क्रूमधील तिघांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा किंवा ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या. घोषणा ऐकून प्रवासी गोंधळले, पण ही विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. उतरण्याच्या बेतात असताना डावे इंजिनही निकामी झाले, विमान महामार्गाच्या बांधावर आदळले आणि १२६ पैकी ४७ जणांचा जीव गेला. घोषणेत ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळत नसेल, तर आपलीच काही चूक होत असेल असे ठरवून स्वस्थ बसू नये. ती विसंगती हीच सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट असते.

दुसरी चूक उशीर करण्याची. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग २४,००० फुटांवर उखडून गेला आणि केबिन क्रूमधील एक कर्मचारी त्यात दगावली. विमानात चढतानाच एका प्रवासी महिलेला दरवाजाजवळ भेग दिसली होती, परंतु तिने ती कोणाला सांगितली नाही. जमिनीवर थांबलेल्या विमानाची पाहणी होऊ शकते, त्यावरचा बर्फ उतरवता येतो, उड्डाण रद्दही करता येते. हवेत गेल्यावर यांपैकी फारसे काही हाती उरत नाही. म्हणून जे दिसले ते दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाच सांगावे. विमान धावपट्टीकडे निघाले असेल, तर जागेवरून न उठता कॉल बटण दाबावे आणि कोणी येत नसेल, तर जवळच्या कर्मचाऱ्याला मोठ्याने हाक मारावी. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी वैमानिकांशी अनावश्यक बोलू नये असा नियम असतो, हे अनेकांनी ऐकलेले असते. पण सुरक्षेची माहिती या नियमामुळे अडत नाही.

सांगण्याची पद्धतही अनेकदा चुकते. ‘विमान खराब आहे’ किंवा ‘इंजिन पेटणार’ असे निष्कर्ष सांगितले, की ऐकणाऱ्याला समोर घाबरलेला प्रवासी दिसतो. त्याऐवजी पाहिलेले तेवढेच सांगावे: ‘मी १७ क्रमांकाच्या रांगेत आहे. विमानाच्या तोंडाकडे पाहत असता डाव्या पंखाखालून पाण्यासारखे काहीतरी सतत गळते आहे. उड्डाणाआधी हे कॅप्टनना कळवाल का?’ डावे-उजवे सांगताना नेहमी विमानाच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या दिशेने तोंड करून सांगावे. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आपल्याकडचे अनेक आईवडील इंग्रजीच्या संकोचाने गप्प राहतात. त्यांनी हिंदीत, मराठीत, तुटक शब्दांत किंवा बोट दाखवून सांगितले तरी पुरते. ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि शंका फिटली नाही, तर केबिन क्रूच्या प्रमुखांना बोलावून तेच वाक्य शांतपणे पुन्हा सांगावे. यात अपमान वाटून घेण्यासारखे किंवा कोणाचा अपमान करण्यासारखे काही नाही.

सहप्रवाशांमध्ये कुजबुज करणे, ओरडणे, आपत्कालीन दाराच्या हँडलला हात लावणे किंवा ‘बॉम्ब’ हा शब्द सहज वापरणे यामुळे मूळ माहिती मागे पडते आणि स्वतःवरच कारवाई होऊ शकते. आधी चित्रफीत काढायची आणि मग सांगायचे, हाही वेळेचा अपव्यय आहे. शिवाय पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा आणि गोव्यातील दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तेथे छायाचित्रणावर निर्बंध आहेत.

काही गोष्टी स्वतः सोडवायला जाऊ नये. मोबाइल सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करू नये, कारण यंत्रणेत सापडून बॅटरी चिरडली तर ती पेट घेऊ शकते, क्रूला बोलवावे. पॉवर बँक फुगली किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापली, तर ती पुन्हा बॅगेत न ठेवता ताबडतोब सांगावे.

घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी अर्थात नेहमीच्याच असतात. एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना कुत्रा भुंकल्यासारखा येणारा आवाज हायड्रॉलिक यंत्रणेचा असतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत छताजवळून निघणारा पांढरा धूर बहुधा वातानुकूलनामुळे तयार झालेली वाफ असते. हवेतल्या खळबळीत (टर्ब्युलन्समध्ये) पंख वाकतात, कारण ते तसेच घडवलेले असतात. तरीही शंका आली, तर विचारावे. अशा प्रश्नाला केबिन क्रूला फार थोडा वेळ द्यावा लागतो.

उतरल्यानंतरही शंका कायम असेल, तर ती विमान कंपनीला लेखी कळवावी आणि समाधान झाले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जावे. उड्डाण क्रमांक, तारीख, आसन, नेमकी वेळ आणि क्रूने दिलेले उत्तर एवढे त्यात असावे. या नोंदी विमानतळावरून बाहेर पडण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात, कारण दोन दिवसांनी डावा पंख होता की उजवा, हेही खात्रीने आठवत नाही.