वन बीएचकेतला हॉल गोडाऊन वाटायचा, तो कसा सुटसुटीत झाला

निवृत्तीनंतर थ्री बीएचके विकून तळेगावला वन बीएचकेत आलो. हॉल १० बाय १४. सामान सगळं आपलंच, तरी घर गोडाऊन वाटायचं. पडदे बदलले, मोठा आरसा लावला. पैसे गेले, हिची चिडचिड तेवढी वाढली.

जमलं ते याच क्रमाने. आधी सोफासेट काढून भिंतीलगत ६ फुटी बॉक्स दिवाण टाकला. गाद्या, रजया त्याच्या पोटात. मग ६५०० केल्व्हिनची (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळसर) पांढरी ट्यूब संध्याकाळी बंद आणि २७०० केल्व्हिनचे पिवळसर असे दोन ९ वॅटचे एलईडी बल्ब टेबललॅम्पात: एक दिवाणापाशी, एक समोरच्या कोपऱ्यात, दोन्ही बसल्यावर डोळ्यांच्या खाली. (खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा, मला आधी पांढरेच मिळाले होते.) सतरंजी सगळ्यात शेवटी, उरलेली जमीन मोजून. मी ती आधी घेतली. लहान पडली, आता गॅलरीत आहे.